थंड हवेसाठी परंदवडीला

आमच्या सोसायटीतली माणसं युरोपला जाऊन येतात आणि मग महिनाभर आपल्याला त्यांचे फोटो बघावे लागतात. मी परंदवडीला जाऊन आले. फोटो एकच आहे, आणि ज्यानं तो बघायला नको होता नेमका त्यानंच बघितला. तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळं सांगूनच टाकते. पुण्याहून लोणावळ्याला लोक सकाळी निघतात आणि भजी खाऊन संध्याकाळी घरी येतात. आम्हाला नुसतं पोचायला गुरुवारचा शनिवार झाला.

निघण्याआधी

माझी गाडी जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. आरटीओनं विचारलं होतं, गाडी बघितली आणि कागद नवे करून दिले, तेवढं पुरे. टेलिफोन खात्यात असताना मी ती माझ्या पगारातून घेतली. आमचे हे गाडी कधी शिकले नाहीत, पण शेजारी बसून सूचना मात्र भरपूर करायचे. ते गेले, सूचना थांबल्या, मी चालवत राहिले. भाजीला, बँकेत, भिशीला आणि कधी कधी कुठेच नाही, नुसती एक चक्कर.

माझा मुलगा निखिल गुणी आहे, पण "मम्मी, कॅब बोलाव ना" हे त्याचं पालुपद. त्याला गाडी विकायची होती. मला कळत होतं की ही एकदा गेली की दुसरी मला कुणी घेऊ देणार नाही. सासष्टीच्या बाईला कोण नवी गाडी घेऊन देतं? मग उरलेलं आयुष्य मी कुणाच्या तरी मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसणार, आणि कुठे उतरायचं ते दुसरे ठरवणार. मला ते नको होतं. साफ नको होतं.

मे महिन्यात निखिलनं कुरवंड्याला चार दिवस बंगला घेतला. लोणावळ्याच्या वर, डोंगराच्या कडेचं गाव. तो, सून प्राजक्ता आणि नात शनिवारी येणार होते. मालूवन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, आणि मला गुरुवारीच जायचं होतं. तेव्हा तो म्हणाला, "मम्मी, तुझ्याच गाडीनं जा. आत्याला ऊन सोसत नाही, म्हणजे एसी चालू हवा. आत्याला गारेगार पोचवलंस तर गाडी विकायचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारी एक गिऱ्हाईक येतंय, किल्ली त्याला."

मी हो म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की गिऱ्हाइकाला त्यानं आधीच हो म्हटलेलं आहे.

गुरुवार, देहूरोडच्या पुढे

देहूरोडपर्यंत आम्ही राण्यांसारख्या गेलो. वन्संनी गार वाऱ्याच्या झडपा स्वतःकडे वळवून घेतल्या होत्या आणि पदर कानावर ओढून त्या थंडीची तक्रार करत होत्या. वन्संबद्दल एक सांगायला हवं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, शाळेत संगीत शिकवायच्या. त्या खोटं बोलत नाहीत, फक्त खऱ्याला जरा सजवतात.

सोमाटण्याच्या अलीकडे झडपांमधून येणारा वारा आधी कोमट झाला, मग गरम. पाठोपाठ पुढून मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला.

"कुणाचं तरी दूध उतू गेलंय," वन्सं म्हणाल्या.

मी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर आतून धूर. एक दूधवाला मोटारसायकल थांबवून आला, आत डोकावला आणि डॉक्टर नाडी बघून मान हलवतात तशी त्यानं मान हलवली. "मावशी, आमच्या परंदवडीत नामाशेठ हाय. लांब न्हाई. पिकअप बोलावतो, वढून नेऊ." त्यानं फोन लावलासुद्धा. आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की आधी मीटिंग होते, मग समिती नेमली जाते. इथे मी हो-नाही म्हणायच्या आत दोर बांधून झाला होता.

परंदवडी हे सोमाटण्याजवळचं गाव. निम्मे लोक शेतात, निम्मे आसपासच्या कंपन्यांत, आणि शिफ्ट सुटली की सगळे नामाशेठच्या गॅरेजवर. हे मला पहिल्या तासाभरातच समजलं. उघडं बॉनेट म्हणजे तिथे वाचनालयातला पेपर असतो. येणारा प्रत्येक जण वाकून बघतो, थोडं वाचतो, मत देतो आणि पुढच्याला जागा करून देतो.

"बेल्ट गेलाय."

"बेल्ट कशानं गेला? कॉम्प्रेसर जाम झालाय म्हणून गेला."

"गॅस संपला आसंल."

"तुझ्या घरातला संपला आसंल. सरक."

नामाशेठ चाळिशीचा, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. त्यानं सगळ्यांना बाजूला सारलं, बेल्टचं एक चाक हातानं फिरवायचा प्रयत्न केला आणि जाहीर केलं, "बसला. कॉम्प्रेसर बसला कायमचा. मावशी, एसीचं काळीजच हे. ह्येच गॅस दाबून फिरवतं, तवा तुमास्नी गार लागतं."

"मग आता?"

"सोपं हाय. एसीचा बेल्ट काढून टाकतो. गाडीला काय होत न्हाई. काचा खाली घ्या, जावा वारं खात."

काचा खाली करून जायला माझी काही हरकत नव्हती. मी तरुणपणी बसच्या टपावरसुद्धा बसले आहे. पण पैज गारेगार पोचण्याची होती. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. मी मान हलवली. "एसी चालू करूनच जायचं. शनिवारपर्यंत."

नामाशेठनं माझ्याकडे निरखून बघितलं. "घरी काय लफडं हाय का?"

मी त्याला खरं सांगितलं. लेकाचं, गिऱ्हाइकाचं, किल्लीचं, सगळं. तो ऐकत गेला तशी त्याची छाती फुगत गेली. "मावशी," तो म्हणाला, "आता ही गाडी माझी. ह्या नामाच्या हातची थंडी अशी आसती की आत बसणाऱ्यानं गोधडी मागितली पायजे." भोवतालच्या लोकांनी माना डोलावल्या. वन्संनी विचारलं, गोधडी आत्ता मिळेल का, टेकायला. "आणतो की आजी," नामाशेठ म्हणाला. मी मावशी आणि आपण आजी, हे वन्संना फारसं आवडलं नाही. पण गोधडी त्यांनी घेतली.

तेवढ्यात निखिलचा फोन. मी वन्संकडे बघितलं. वन्संनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"पोचलो ना रे! लोणावळ्यात आहोत, बाजारात." मागे नामाशेठ हातोडीनं जाम बोल्ट ठोकत होता. "आवाज? अरे, चिक्की फोडतायत. मोठी लादी असते, घण घालावा लागतो." थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "हो हो, आणतो की. फज पण."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तुला हातोडीचा आवाज दुसरा कशाचा सांगता आला असता का? मग बघतेस काय अशी?"

मुक्काम नामाशेठच्या घरी. आम्ही लॉज विचारला, तर त्याची बायको संगीता म्हणाली, "लॉज? गाडी आमच्यात आन् तुमी लॉजला? लोक काय म्हणतील?" गाडी ज्याच्या दारात, माणसंही त्याच्याच घरात, असा तिथला साधा हिशोब. संगीतानं इंद्रायणीचा मऊ भात, झणझणीत आमटी आणि तव्यावरची मिरची वाढली. माझ्या स्वयंपाकघरात तोच इंद्रायणी तांदूळ डब्यात असतो, पण त्याला असा वास कधी आलेला नाही. मी तसं म्हटलं. संगीता म्हणाली, "तुमच्याकडं जातो तो आमी इकतो. हा आमच्यापुरता ठेवलेला." तिनं हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला राग यायलाही फट सापडली नाही.

शुक्रवार, शर्यतीचं मैदान

नवीन कॉम्प्रेसर माझ्या गाडीच्या वयाला मिळत नाही. नामाशेठनं चिंचवडला फोनाफोनी करून एक दुरुस्त केलेला, चांगला, शोधून काढला. सकाळी मोटारसायकलवरून तो आणायला गेला. दुपारच्या जेवणापर्यंत येतो म्हणाला. जेवण झालं, भांडी झाली, वन्संची झोप झाली, नामाशेठ नाही. फोन लागेना.

संगीता शांतपणे गहू निवडत होती. "आज शेजारच्या गावात शर्यत हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे कॉम्प्रेसर शर्यत बघतोय."

तिनं दिराला हाक मारून रिक्षा काढायला लावली आणि आम्हा दोघींना घेऊन निघाली. बैलगाडा शर्यत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. उतारावरची लांबलचक धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, टोप्या, उपरणी, गुलाल, आइस्क्रीमची गाडी. चार बैल सुटतात, त्यांच्यापुढे घोडी पळते, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं धुळीत जातं. मग पुढचा गाडा येईपर्यंत लोक त्या एका क्षणावर वाद घालतात. मला आवडलं. आमच्याकडे गाण्याच्या मैफलीत असंच असतं, फक्त गुलाल नसतो.

पण एवढ्या माणसांत नामाशेठ कुठे शोधायचा? वन्सं गर्दीतून वाट काढत थेट मांडवात, माइक धरून बोलणाऱ्या माणसाजवळ गेल्या. काय सांगितलं कोण जाणे. जरा वेळानं कर्ण्यातून सगळ्या माळावर आवाज घुमला.

"परंदवडीचे सुप्रसिद्ध गॅरेजवाले नामदेवशेठ, आपन जितं आसाल तितून मांडवाकडं यावं! आपल्याकडं पुण्याच्या मावशीचं काळीज हाय! मावशी उनात हुब्या हायत! पुन्यांदा सांगतो, काळीज घिऊन या!"

माळावर हशा उसळला. खालच्या टोकाकडून एक माणूस गुलालानं माखलेला, काखेत खोकं धरून धावत आला. घोडीसुद्धा तेवढी धावली नसेल.

"एकच गाडा बघणार व्हतो, आईशप्पत," नामाशेठ धापा टाकत म्हणाला. संगीतानं त्याच्याकडे एकदा बघितलं. तिनं खोकं स्वतःच्या ताब्यात घेतलं, रिक्षात मांडीवर ठेवलं, आणि नामाशेठ मोटारसायकलवरून आमच्या मागे मागे आला. मला त्या क्षणी दोन गोष्टींचा हेवा वाटला: तिच्या शांतपणाचा आणि तिच्या दिराच्या चालत्या रिक्षाचा.

त्याच दिवशी उजेड होता तोवर त्यानं कामाला हात घातला. गर्दीतल्या एकानं सल्ला दिला की नवा कॉम्प्रेसर बसव, गॅस मार, मोकळा हो. नामाशेठ भडकला. "जुना आतून झिजून गेलाय, त्याचा कीस सगळ्या पाइपात. न धुता नवा बसवला तर त्यो बी आठ दिसात बसतोय. मग मावशी मला शिव्या घालणार का तुला?" त्यानं पाइप सोडवले, आतून धुतले. त्यातून चांदीसारखी चमकणारी काळी राड निघाली, ती त्यानं वाटीत धरून सगळ्यांना दाखवली. ओल शोषणारी बाटलीही बदलली. शर्यतीची भरपाई म्हणून असेल, पण तो मनापासून राबत होता. संध्याकाळी कॉम्प्रेसर जागेवर बसला. "उद्या सकाळी पंपानं आतली हवा वढून काढायची, गॅस भरायचा, दुपारी तुमी कुरवंड्यात," तो म्हणाला.

संध्याकाळी निखिलला वन्संनी सांगितलं की आम्ही आज घोड्यांची शर्यत पाहिली. घोडी पुढे होतीच, तेव्हा हेही खरंच होतं.

शनिवार, वीज आणि वर

सकाळी पंप लावला. हवा ओढायला जरा वेळ लागतो आणि तो मध्येच थांबून चालत नाही, असं नामाशेठनं बजावून सांगितलं. पंप घुरघुरायला लागला, मी हात जोडले, आणि रस्त्याच्या कडेच्या डीपीत फाट् असा आवाज होऊन गावाची वीज गेली.

"संध्याकाळशिवाय न्हाई येत आता," सगळे एकदम म्हणाले. अशा बाबतीत तिथे मतभेद नसतो.

निखिल संध्याकाळी कुरवंड्याला पोचणार होता. मी टायरवर बसून राहिले. गेली ना गाडी, असं मनात आलं, आणि गाडीपेक्षाही त्या मागच्या सीटचंच जास्त रडू आलं. वन्संनी पाठीवर हात ठेवला, पण सजवायला त्यांनाही काही सापडेना.

गॅरेजच्या शेजारीच लग्नाचा मांडव होता. तिथे जनरेटर धडधडत होता, कारण वीज गेली तरी बँजोपार्टीला थांबता येत नाही. नामाशेठ मांडवात गेला आणि नवरदेवाचे चुलते किसनभाऊ यांना घेऊन आला. पांढरा सदरा, कपाळावर घाम, दोन्ही हातांत दोन फोन.

"वायर टाकतो," किसनभाऊ म्हणाले. "पण माझी बी एक अडचण हाय. नवरदेव मारुतीच्या पाया पडाया वाजतगाजत जायचाय. घोडी सांगितलीवती. ती काल शर्यतीत पळाली, आन् आज लंगडतीया. गावातल्या समद्या गाड्या वऱ्हाड आणाया गेल्या. ही गार हुणार आसंल तर हीच द्या."

"माझी गाडी?" मी म्हटलं. "पण स्टिअरिंग मी कुणाला देत नाही."

"मग तुमीच चालवा की!" किसनभाऊ म्हणाले. त्यांना त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

अशा रीतीनं मांडवाच्या विजेवर माझ्या गाडीतली हवा ओढली गेली, गॅस भरला गेला, आणि भर दुपारी नामाशेठनं मला आत बसवून बटण दाबायला लावलं. आधी नुसता वारा. मग गार. मग असा गार की चष्म्यावर धुकं आलं. मी त्या माणसाला मिठी मारणार होते, पण तो ग्रीसनं माखलेला होता आणि संगीता समोर होती.

तोवर बायकांनी गाडीवर झेंडूच्या माळा चढवल्या. नवरदेव अक्षय शेरवानी-फेट्यात उकडून लालबुंद झालेला, मागे बसला. शेजारी त्याची करवली बहीण कऱ्हा सांभाळत. पुढे माझ्या बाजूला वन्सं, कारण त्यांना उतरवण्याची कुणाची हिंमत नव्हती. मी गिअर टाकणार तेवढ्यात किसनभाऊ टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन खिडकीशी आले आणि थबकले.

नवरदेवाची गाडी हाकणाऱ्याचा मान असतो. त्याला टॉवेल-टोपी देऊनच गाडी हलते. आजवर तो गडी असायचा. टोपी बाईला घालायची कशी? दोन-चार पुरुष जमले, खल सुरू झाला. एक म्हणाला, खण-नारळ द्या. दुसरा म्हणाला, खण हाय मावशीला, पण गाडीवाल्याच्या मानाचं काय? शेवटी गर्दीतून एक नऊवारीतली म्हातारी पुढे आली. "गाडी कोण हाकतंय? ती हाकतीया ना? मग मान तिचाच. आना हिकडं." तिनं टोपी किसनभाऊंच्या हातातून घेतली आणि माझ्या डोक्यावर ठेवली, वर खणही ओटीत घातला.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी आरशात बघून टोपी सरळ केली. आजवर गाडी चालवते म्हणून मला पुष्कळ जणांनी पुष्कळ काही म्हटलंय, जपून, हळू, आता पुरे. मान कुणी दिला नव्हता.

वन्संनी त्याच क्षणी माझा फोटो काढला.

पुढचा प्रवास मारुतीच्या देवळापर्यंतचा. अंतर म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या गेटपासून दूधकेंद्र. पण पुढे बँजो, त्याच्यापुढे नाचणारे, आणि मी मुंगीच्या पावलांनी. उभ्या गाडीत, भर उन्हात एसी चालवणं ही कॉम्प्रेसरची खरी परीक्षा, असं नामाशेठनं सांगितलं होतं, आणि तो स्वतः बॉनेटशेजारून चालत, आवाजाला कान लावून, मध्येच नाचून घेत होता. माझे डोळे इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर. काटा मधोमध उभा होता, हलत नव्हता. मागे अक्षय शांत होत गेला. घाम सुकला, मग त्यानं डोळे मिटले. देवळाशी पोचल्यावर दार उघडलं तर तो उतरेना.

"अक्षय, मारुती वाट बघतोय," वन्सं म्हणाल्या.

"त्येंना बी आत बोलवा," अक्षय डोळे न उघडता म्हणाला. शेवटी करवलीनं त्याच्या मानेवर कऱ्ह्यातलं पाणी शिंपडलं तेव्हा कुठे तो खाली आला.

शनिवार, लोणावळा

मांडवात बुंदी आणि वांग्याचा रस्सा खाल्ल्याशिवाय कुणी सोडलं नाही. मग निघालो. जुन्या रस्त्यानं कामशेत, कार्ला. आत असा गारवा की वन्संनी संगीतानं दिलेली गोधडी खरंच गुडघ्यांवर घेतली. मी गात होते. वन्सं चुका काढत होत्या.

लोणावळ्याच्या अलीकडे निखिलचा मेसेज आला. वन्संनी वाचला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"काय म्हणतो?"

"चिक्की आणली का, असं विचारतोय."

"मग त्यात फोन उलटा ठेवण्यासारखं काय?"

"मी तो फोटो स्टेटसला ठेवला होता," वन्सं म्हणाल्या. "खाली लिहिलं, 'परंदवडीत नवरदेवाची सारथी, आमची वहिनी'. निखिलला लपवून ठेवलं होतं गं, मला येतं ते. प्राजक्ताचं लक्षात नाही राहिलं, तिनंच त्याला दाखवला असणार."

दोन दिवस ज्या बाईनं हातोडीच्या आवाजाची चिक्की केली, तिला एका टोपीच्या फोटोचा मोह आवरला नव्हता. आम्ही बाजारात गाडी लावली आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या गर्दीत उभं राहून चिक्की आणि फज घेतला. पकडल्या गेलोच होतो, तर निदान चिक्कीपुरतं तरी खरं असू दे.

कुरवंड्याचा चढ मी एका दमात काढला. बंगल्याच्या फाटकात निखिल हाताची घडी घालून उभा होता.

"टोपी कुठाय?" त्यानं विचारलं.

मी पर्समधून काढून दाखवली. नात टोपी घेऊन पळाली. प्राजक्ता तोंडाला ओढणी लावून आत गेली, तिला हसू आवरत नव्हतं. निखिल मात्र हसला नाही.

"बंद पडली ना गाडी?"

"पडली. पण पोचले की नाही? गारेगार?"

"दोन दिवस तुम्ही दोघी कुठे आहात ते मला माहीत नव्हतं, मम्मी. चुकून काही झालं असतं म्हणजे?" त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. "गिऱ्हाईक सोमवारी येतंय."

तो खरोखर घाबरला होता. ते मला त्याच्याकडे बघून कळलं आणि वाईट वाटलं. पण किल्ली मी दिली नाही.

रविवार, कुरवंडे

सकाळी तो मऊ झालेला होता, पण निश्चय कायम. "मला बघू दे तरी कशी चालते. गिऱ्हाइकाला सांगायला हवं," म्हणाला. तेवढ्यापुरती मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि शेजारी बसले. बंगल्यापासून खाली गावापर्यंत तो उतारानं छान गेला. वळून परत येताना चढ लागला.

निखिल गेली कितीतरी वर्षं ऑटोमॅटिक गाडी चालवतो. त्याचा डावा पाय निवृत्त झालेला आहे. चढावर मध्येच एक बकरी आडवी आली, त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी बंद. सुरू केली, क्लच सोडला, झटका, बंद. तिसऱ्यांदा गाडी मागे सरकायला लागली. त्यानं हँडब्रेक ओढला आणि कपाळ पुसलं. एसीत बसून त्याला घाम आला होता.

मी खिडकीबाहेर बघत होते. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण आईनं काही वेळा डोंगर बघावा.

बंगल्याची राखण करणारे आबा सरपणाची मोळी घेऊन चढत होते. ते खिडकीशी थांबले. "सायेब, मागं येतीया गाडी. त्या मावशीस्नी द्या की. काल त्यांनी एका दमात वर नेली, मी बघत व्हतो."

निखिल जरा वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग दार उघडून उतरला, पुढून फेरा घालून माझ्या बाजूला आला आणि माझं दार उघडून उभा राहिला. मी उतरले, फेरा घातला, माझ्या जागेवर बसले. त्यानं मुकाट्यानं पट्टा लावला. मी क्लच अर्धा सोडला, हँडब्रेक खाली घेतला, आणि गाडी आबांना वळसा घालून वर निघाली.

वळणावर त्याचा फोन वाजला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण ओळखू आलं. एक रविवारसुद्धा दम धरवत नाही गिऱ्हाइकांना.

"नाही हो," निखिल म्हणाला, "उद्या नका येऊ. गाडी चांगली आहे, प्रश्न तो नाही. मालकिणीला विचारलं मी. त्या नाही म्हणाल्या."

मला कुणी काहीही विचारलं नव्हतं. पण उत्तर बरोबर होतं, म्हणून मी गिअर बदलला आणि रस्त्याकडे बघत राहिले.